किती वाजताची?

गेल्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका मासिकात एक लेख आला. लेखकाने वर्षभरात जे जे प्यायलं त्याची टिपणं त्यात होती. बेल्जियमची आंबट बिअर, इंग्लंडातली सफरचंदाची सायडर, नाशिकच्या दोन वाइन, गोव्याचा उर्राक आणि सगळ्यात शेवटी, ताटात मिठाशेजारी लिंबाची फोड ठेवावी तशी, आमची ‘बिलोलीची शिंदी’. प्रत्येकाला चार-पाच ओळी आणि दहापैकी गुण. बेल्जियमच्या बिअरला नऊ, उर्राकला सात, शिंदीला दोन. शिंदीच्या वाट्याला आलेल्या ओळींचा सार असा : आंबलेलं ताक, पिचलेलं केळं, ओलं पोतं. एकदा चाखायला हरकत नाही, दुसऱ्यांदा कोणी आग्रह केला तर पाणी मागावं.

लेखक माझे जुने स्नेही आहेत. ज्या रात्री त्यांनी ती शिंदी चाखली त्या रात्री मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसलो होतो. त्यामुळे त्या बाटलीत काय होतं, निदान काय नव्हतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. मी त्यांना पत्र लिहिलं. उत्तर तीन वाक्यांचं आलं. “सर, एवढं मनावर काय घेता? मी काही तज्ज्ञ नाही, सहज वाटलं ते लिहिलं. चव ज्याची त्याची.”

बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. ‘सहज वाटलं’ असं लिहिणाऱ्या पोराची प्रयोगवही मी कधी तपासून परत दिली नाही, आधी पुन्हा लिहून आणायला लावली. तेव्हा हे मनावर घेतलंय हे कबूल.

आधी त्या रात्रीचं सांगतो. महिना एप्रिलचा. स्नेही देगलूरला लग्नाला आले होते. लग्न उरकल्यावर त्यांना ‘इथलं काहीतरी अस्सल’ प्यायची हौस आली. ड्रायव्हरला पैसे देऊन पिटाळलं. येसगीचा मांजरेवरचा पूल ओलांडला की तेलंगण लागतं, तिथल्या कुठल्याशा दुकानातून तो दुपारी दोन बाटल्या घेऊन आला. बाटल्या बिअरच्याच, जुन्या, धुऊन पुन्हा भरलेल्या. तिकडे तीच रीत आहे. त्या गाडीच्या डिक्कीत गेल्या. एप्रिलातलं आमच्याकडचं ऊन ज्याने सोसलंय त्याला डिक्की म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. गाडी नरसीमार्गे नांदेडला पोचली, अंघोळी झाल्या, गप्पा झाल्या आणि रात्री नऊ वाजता हॉटेलच्या खोलीत बर्फ आणि खारे शेंगदाणे मागवून स्नेह्यांनी बूच काढलं. फस्स करून निम्मी शिंदी चादरीवर गेली. उरलेली त्यांनी पेल्यात ओतली, दिव्यासमोर धरली, पेला गोल फिरवला, नाक घातलं, एक घोट घेतला आणि मोबाइलवर टिपण लिहायला घेतलं.

(राज्याच्या सीमेपलीकडून परवान्याशिवाय ताडी आणणं हा महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. स्नेह्यांनी तो छापील कबूल केला आहे. इथल्या पोरांनी केला असता तर मोटारसायकल जप्त झाली असती.)

आता शिंदी म्हणजे काय ते पाहू, कारण लेखात ते कुठेच नाही. सायडरसाठी सफरचंदाच्या तीन जातींची नावं आहेत, बेल्जियमच्या बिअरसाठी ब्रुसेल्सजवळच्या सेन नदीच्या खोऱ्यातल्या हवेचं वर्णन आहे, ते बरोबरही आहे. शिंदीसाठी झाडाचं नावसुद्धा नाही.

शिंदी हे रानखजुराचं झाड. ओढ्याकाठी, बांधावर, चिभडलेल्या जमिनीत आपसूक येतं. थंडी पडली की काढणारा कमरेभोवती जाड दोर घेऊन चढतो. आमच्या भागात हे काम पिढ्यान् पिढ्या गौड मंडळींचं, घरची भाषा तेलुगू, बाजाराची मराठी. त्या दोराला ते मोकू म्हणतात. शेंड्याखालच्या काही झावळ्या काढून तिथली कोवळी बाजू तासायची, खाच पाडायची, खाली मडकं बांधायचं. रात्रभर रस ठिबकत राहतो. पुढच्या वर्षी खाच उलट्या बाजूला. म्हणून जुन्या शिंदीचं खोड सरळ नसतं, नागमोडी दिसतं, आणि त्या खाचा मोजल्या की झाड किती हिवाळे काढलं गेलं ते कळतं. रात्र जितकी थंड आणि निरभ्र तितका रस जास्त आणि गोड. आभाळ आलं की रस पातळ पडतो आणि लवकर बिघडतो. काढणारा संध्याकाळी आभाळाकडे बघतो तो उगीच नाही.

झाडातून निघतो तेव्हा तो रस नुसतं साखरपाणी असतो. शेकडा दहा-बारा भाग साखर. त्याला नीरा म्हणावं, मडक्याला आतून चुना लावला असेल तर. चुना नसेल तर मडक्यातलं कालचं यीस्ट, हवेतले आणि झाडावरचे जिवाणू रात्रीच कामाला लागतात. कोणी साखरेची दारू करतं, कोणी आंबटपणा आणतं, कोणी फेस काढतं. बिअरसारखा मोड आणायचा, शिजवायचा, थंड करायचा आणि मग यीस्ट घालायचं असा टप्प्याटप्प्याचा कारभार इथे नाही. सगळं एकदम, आणि कोणी थांबवत नाही. सूर्य उगवायच्या आत उतरवलेली शिंदी गोड. नऊ-दहाला गोडीत आंबटपणा शिरलेला, जिभेला बारीक चरचर. दुपारी चढलेली, दारूचं प्रमाण तोवर बिअरच्या घरात. संध्याकाळी गोडी संपलेली, आंबटपणा पुढे. रात्री ती शिरक्याच्या वाटेला लागलेली असते आणि सकाळी लोणच्याखेरीज कशाच्या कामाची नाही.

म्हणून आमच्याकडे शिंदी मागायला गेलेल्या माणसाला ‘कशी पाहिजे’ असं कोणी विचारत नाही. “किती वाजताची?” असं विचारतात. हा एक प्रश्न ज्याला माहीत नाही त्याने शिंदीला गुण देणं म्हणजे बारावीच्या निकालावरून पोराच्या बारशाचं वर्णन करणं.

आणखी एक. शिंदीचा भर थंडीत असतो. उन्हं तापली की रस आटतो आणि मग हंगाम ताडाचा, म्हणजे मोठ्या पंख्यासारख्या पानांच्या झाडाचा. ताडी निराळी; झाड निराळं, काढायची जागा निराळी, चवही निराळी. एप्रिलच्या दुपारी, रस्त्यावरच्या दुकानातून, दोन बाटल्या मागितल्या की दोन मिळतात आणि वीस मागितल्या की वीस मिळतात, तेव्हा त्या बाटलीवर ‘शिंदी’ हे नाव लिहायला मी धजावलो नसतो. माझे स्नेही धजावले, आणि वर ‘बिलोलीची’ असंही लिहिलं. विकत घेतली तेलंगणात, प्यायली नांदेडात, डाग पडला हॉटेलच्या चादरीला आणि नाव गेलं बिलोलीचं.

आता ‘मी तज्ज्ञ नाही’ याकडे वळतो. पत्राला मी उलट उत्तर पाठवलं तेव्हा त्यांनी आपली बाजू भक्कम करायला दोन प्रयोग पुढे केले. प्रयोग खरे आहेत. फ्रान्समध्ये बोर्दो इथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन चवहीन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन तांबड्या वाइनचे शब्द वापरून केलं. तो निबंध २००१ सालचा. दुसरा अमेरिकेतला. कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेत वाइनला पदकं देणाऱ्या परीक्षकांपुढे रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकाने एकाच बाटलीतली वाइन इतर वाइनच्या पेल्यांमधून तीनदा ठेवली. त्यांच्या २००८च्या निबंधानुसार तीनही वेळा साधारण सारखे गुण देणारा परीक्षक दहातला एक. स्नेह्यांचं म्हणणं असं की, एवढे मोठे जाणकार फसतात तर माझ्यासारख्या साध्या जिभेच्या माणसाला कशाला धारेवर धरता?

या प्रयोगांतून मला नेमकं उलटं दिसतं. ज्यांनी आयुष्य त्यात घातलं, ज्यांच्यापुढे एकाच तापमानाची वाइन एकसारख्या पेल्यांत ठेवली होती, त्यांची जीभ रंग बदलल्यावर किंवा क्रम बदलल्यावर घसरली. मग दमलेल्या, लग्नाचं जेवण जेवलेल्या, पेल्यात बर्फ घातलेल्या आणि ‘गावठी’ हा शब्द आधीच मनात धरून बसलेल्या माणसाच्या जिभेचं काय झालं असेल? तज्ज्ञ चुकतात हे सिद्ध झालं म्हणून अडाण्याला सूट मिळत नाही. हॉजसन यांना परीक्षकांची चूक सापडली कारण त्यांनी कोणता पेला कोणत्या बाटलीतला ते लिहून ठेवलं होतं. स्नेह्यांच्या टिपणात चूक सापडायलाही जागा नाही. तारीख नाही, वेळ नाही, झाड नाही, दुकान नाही. अशा टिपणाला चूक म्हणता येत नाही हीच त्याची सगळ्यात मोठी चूक.

शब्दांबद्दलही माझं भांडण आहे. अमेरिकेत डेव्हिसच्या विद्यापीठातल्या अॅन नोबल यांनी १९८०च्या दशकात वाइनच्या वासांचं एक चक्र तयार केलं. त्यात गुलाब आहे, लवंग आहे, आणि ‘ओलं कुत्रं’ही आहे. बाई नामी; वासाला लाजल्या नाहीत. बेल्जियमच्या ज्या बिअरला स्नेह्यांनी नऊ गुण दिले तिच्यासाठी जगभरचे शौकीन ‘घोड्याच्या पाठीवरची घोंगडी’ असा शब्द वापरतात आणि तो कौतुकाने वापरतात. स्नेह्यांनीही वापरलाय : “घोंगडीचा तो रानवट, खोल वास.” आणि शिंदीला? ओलं पोतं. घोंगडी आणि पोतं यांत मला तरी लोकर-तागाएवढाच फरक दिसतो. आंबवणारे जीवही चुलत भाऊच म्हणायचे. बेल्जियमच्या त्या बिअरलाही हवेतलं यीस्ट आणि आंबटपणा आणणारे जिवाणूच घडवतात. तिथे हवेला ‘खोऱ्याची देणगी’ म्हणायचं आणि इथे ‘स्वच्छतेचा अभाव’. एक घोंगडी पांघरायची, दुसरं पोतं पाय पुसायला, हा न्याय जिभेचा नव्हे. बाटलीवरच्या किमतीचा आहे.

बरं, आंबट, ताबडतोब प्यायचं, साठवून उपयोग नाही असं पेय जगात फक्त आमचंच आहे असंही नाही. स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात सायडर हात डोक्यावर उंच धरून पेल्याच्या कडेवर ओततात, दोन बोटं भरतात आणि लगेच पितात. ठेवली तर मेली असं मानतात. त्या सगळ्या रीतीला २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत जागा मिळाली. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. फार दूर कशाला, देवळालीच्या लष्करी छावणीत जहाजाची वाट बघत कंटाळून वेडे झालेल्या गोऱ्या सोल्जरांवरून इंग्रजीत ‘डूलाली’ हा शब्द आला आणि २००९ मध्ये पुण्यात त्याच नावाने बिअर गाळायला सुरुवात झाली, तर शहराने ते नाव डोक्यावर घेतलं. नावाला इतिहास हवा असतो एवढंच असेल तर आमच्याकडे तो कमी नाही.

स्नेह्यांच्या लेखात एक ओळ अशीही आहे : “आश्चर्य म्हणजे ही झाडं आता फारशी दिसत नाहीत, लोकांना आपल्याच गोष्टीची किंमत नसते.” ही ओळ वाचून माझा चहा गार झाला. १९४७ साली हैदराबाद संस्थानात स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने सत्याग्रह सुरू केला, त्याच्या कार्यक्रमात शिंदीची झाडं तोडणं हे एक कलम होतं. निजामाच्या तिजोरीत अबकारीचा पैसा मोठा होता, आणि शिंदी ही त्या अबकारीची दुभती गाय. करोडगिरीची नाकी मोडायची, लेव्हीचं धान्य द्यायचं नाही आणि शिंदी तोडायची. मराठवाड्यात रात्रीतून बनंच्या बनं आडवी झाली. माझ्या लहानपणी वडीलधारी माणसं ओढ्याकाठचे बुंधे दाखवून सांगत, हे अमक्याने तोडलं, ते तमक्याने. तेव्हा किंमत नव्हती म्हणून झाडं गेली असं नाही. किंमत होती, फार होती, म्हणूनच कुऱ्हाड चालली. पुढे राज्यं बदलली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, बासर ज्यात होतं तो मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यातून आंध्रात गेला, बोधन तिकडेच राहिलं. नदीच्या एका काठाला एक कायदा, दुसऱ्या काठाला दुसरा. तिकडे ताडी काढणाऱ्यांच्या सहकारी संस्था झाल्या, दुकानं झाली. इकडे पिणारे उरले, झाडं कमी झाली. येसगीच्या पुलावरून संध्याकाळी कोण कुठल्या दिशेला जातं हे पाहिलं तरी ते कळतं.

एवढं वाचून कोणी म्हणेल, सर शिंदीचे वकील झाले. आमच्या गावातले काही जण तर स्नेह्यांचा लेख वाचून माझ्याकडे आलेच होते : “सर, लिहा की शिंदी दारू न्हाईच म्हणून. औषध हाय, मूतखडा जातोय, उन्हाळी बाधत न्हाई.” त्यांनाही मी तेच सांगितलं जे इथे सांगतो. दुपारची शिंदी दारूच आहे, आणि मूतखड्यासाठी दवाखाना आहे. पण खरी गोष्ट त्याहून वाईट आहे आणि ती लिहिल्याशिवाय या प्रतिवादाला अर्थ नाही.

माझे एक मामा कुंडलवाडीला होते. शेती थोडी, स्वभाव गोड, हाताला काम. दारूच्या थेंबाला त्यांनी कधी हात लावला नाही असं ते अभिमानाने सांगत. पीत ते फक्त शिंदी. रोज संध्याकाळी सायकलवर टांग टाकून सीमेपलीकडच्या एका दुकानात जायचे. वीस वर्षं. विचारलं तर म्हणायचे, “दुधासारखी असती बघ, लै गोड, प्यालं की झोप कशी गाढ.” दहापैकी दहा गुण म्हणा हवं तर. संध्याकाळी सातची शिंदी, आणि लै गोड. मी विज्ञान शिकवत होतो आणि ते वाक्य वीस वर्षं ऐकत होतो. संध्याकाळी शिंदी गोड कशी असेल, हा प्रश्न मला पडला नाही. आजही तो माझ्या मानेवर आहे.

२०१५च्या सप्टेंबरात तेलंगणात भेसळीच्या ताडीविरुद्ध धाडी पडल्या. निझामाबाद आणि महबूबनगर जिल्ह्यांतली दुकानं एकाएकी सुधारली किंवा बंद झाली आणि आठवड्याच्या आत दवाखाने भरले. हातपाय थरथरणारी, बरळणारी, फिट येणारी माणसं. मामा त्यांतलेच. तिसऱ्या रात्री ते भिंतीवरून मुंग्या वेचत होते, एक एक, आणि मामीच्या पदरात टाकत होते. भिंत कोरी होती. सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टराने विचारलं, “दारू किती?” मामी म्हणाली, “दारू न्हाई साहेब, निस्ती शिंदी.” त्याने मान वर न करता सांगितलं, “शिंदीनं असं होत नाही. शिंदीत जे होतं त्यानं होतं.”

शिंदीत जे होतं त्याची नावं तेव्हापासून सगळ्या सीमाभागाला पाठ आहेत. क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम. क्लोरल हायड्रेट हे १८६९ पासून वैद्यकाला ठाऊक असलेलं झोपेचं औषध, दुसरी दोन चिंता आणि झटक्यांवरच्या गोळ्यांत असतात. झाडं कमी, गिऱ्हाईक जास्त, म्हणून पाणी, साखरेऐवजी सॅकरिन, पांढरेपणासाठी आणखी काही आणि नशेसाठी हा मसाला. गोडी टिकते, कारण सॅकरिनला आंबता येत नाही. नशा नेमकी येते, कारण ती मोजून घातलेली असते. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्ली भागात अशाच ताडीने माणसं दगावली. तेच शहर, जिथे २००४ मध्ये ताडीची दुकानं बंद झाली आणि २०१४ मध्ये तेलंगण झाल्यावर पुन्हा उघडली.

तेव्हा मामांचे दहा आणि स्नेह्यांचे दोन, दोन्ही माझ्यासाठी सारखेच. दोघांनीही जिभेवर विश्वास ठेवला आणि मडक्याची चौकशी केली नाही. मामा निदान अडाणी होते, आणि त्यांनी ते छापून आणलं नाही. ‘चव ज्याची त्याची’ हे वाक्य द्राक्षाच्या वाइनबद्दल चालेल. तिथे बाटलीवर वर्ष असतं, गाव असतं, परवान्याचा क्रमांक असतो, लिहिणाऱ्याने नाही लिहिलं तरी वाचणारा शोधून काढतो. नाशिकची वाइन शेतकऱ्याचा माल आहे, ती दारू नव्हे, असं जानेवारी २०२२ मध्ये सत्ताधाऱ्यांनी ठणकावून सांगितलं आणि मंत्रिमंडळाने ती मोठ्या दुकानांत ठेवायला मंजुरीही देऊन टाकली. पुढे विरोध झाला म्हणून ते राहिलं, तो भाग वेगळा. शिंदीच्या बाटलीवर काही नसतं. तिथे लिहिणाऱ्याने वेळ, झाड आणि हात लिहिला नाही तर वाचणाऱ्याला काहीच शोधता येत नाही. ज्या पेयाला लेबल नाही त्याच्या टिपणानेच लेबलाचं काम करायचं असतं. तिथेच माझ्या स्नेह्यांची ‘सहज’ ही ढाल गळून पडते. इंग्लंडातल्या सायडरबद्दल चुकलात तर तुमच्या वाचकाचे चारशे रुपये वाया जातील. त्या बाटलीतल्या द्रवाला ‘अस्सल, फक्त जरा आंबट’ असं म्हणालात तर एखादा पुढच्या लग्नाला येऊन दुसरी बाटली उघडेल.

माझ्याकडूनही एक टिपण घ्या, सगळ्या तपशिलासकट. डिसेंबरचा दुसरा आठवडा, काही वर्षांपूर्वी. पहाटे सव्वासहा, आभाळ स्वच्छ, शेकोटी लागेल इतकी थंडी. मांजरेच्या पलीकडच्या काठावर ओढ्यालगत चार झाडं; एकावर मी अकरा खाचा मोजल्या, पुढे मान दुखली. काढणारा माझ्या एका विद्यार्थ्याचा बाप. मडकं खाली आलं तेव्हा वर दोन मधमाश्या आणि मुंग्यांचा थर तरंगत होता. त्याने ते धोतराच्या स्वच्छ फडक्यातून जर्मनच्या तांब्यात गाळलं. रंग पाण्यात दूध पडावं तसा, पुरता पांढरा नाही. वास ओल्या नारळाचा, मागे जरासा पावाच्या पिठाचा. चव आधी उसाच्या रसापेक्षा हलकी गोड, मग काकडीच्या देठासारखा किंचित कडवट हिरवेपणा, आणि जिभेच्या टोकाला चरचर सुरू व्हायच्या बेतात. तोच तांब्या मी मुद्दाम तसाच ठेवला आणि साडेनऊला पुन्हा चाखला. गोडी निम्म्याने गेली होती, ताकासारखा आंबूसपणा आला होता, फेस तांब्याच्या काठाला लागला होता, आणि मला ती पहिलीपेक्षा आवडली. साडेबाराला चाखायला घेतली तर काढणारा हसला. “सर, पियायलाव की नुसता वास घ्यायलाव?” त्याने तांब्या माझ्या हातातून घेतला आणि स्वतः संपवला. तिसरी नोंद त्यामुळे माझ्याकडे नाही. गुणही नाहीत. कुठल्या घोटाला द्यायचे?

हे टिपणही कोणी तपासावं. मला मुंग्यांचा थर आवडला असेल, विद्यार्थ्याचा बाप समोर होता म्हणून मी गोड लिहिलं असेल, पंचवीस वर्षांनी कोणी पोरगा तीच झाडं शोधून मला खोटं ठरवेल. ठरवू दे. शोधता येईल एवढं मी लिहून ठेवलंय.

माझे स्नेही हा लेख वाचतील, मीच अंक पाठवणार आहे. तुमची चव मागे घ्या असं मी म्हणत नाही. आंबट लागलं तर आंबटच लिहा, आणि त्या रात्री ती आंबट होतीच, मीही एक घोट घेतला होता. पुढच्या अंकात त्या ओळीखाली एवढंच छापून आणा : महिना एप्रिल, रात्री नऊ, बिअरच्या जुन्या बाटलीत, दिवसभर डिक्कीत, झाड कुठलं, काढली कोणी आणि किती वाजता, विचारलं नाही.